ओल

टोपीवर पेनाने खूण केली,
कॉइल टेकवली उजव्या कानाच्या वर,
आणि हर्षालीचा डावा अंगठा
टुणकन उडाला.
"मी नाय हलवला," ती म्हणाली.
सोळा वर्षांची. हसली नाही.

घणसोलीत काकाच्या खोलीचा स्लॅब
जेवायच्या वेळी खाली आला.
तेव्हापासून ती दाराशी झोपते,
पायात चपला घालून.

वाशीच्या आमच्या क्लिनिकला फॉल्स सीलिंग आहे.
पहिल्या दिवशी तिने चौकोन मोजले: बेचाळीस.
टकटकटकटक. थांबायचं.
पुन्हा टकटकटकटक.
बाहेर आई पेपरची एकच घडी
मोडते, घालते, मोडते.
विचारते, पुसलं जाईल ना सगळं?
नाही हो,
पुसायचं यंत्र नाही हे.
त्यापुढचं मला सांगता येत नाही.
मी बटण दाबते.

सतराव्या दिवशी
कानातले बोळे काढत म्हणाली,
"ताई, एसीजवळ ओल आलीय वर.
सोसायटीला सांगा."
आणि सॅक उचलून
त्या डागाखालूनच गेली.

आज आई सांगत होती,
झोपते अजून दाराशीच.
चपला मात्र काढून ठेवते,
हात पोचेल इतक्या अंतरावर.