निवटी

शाळेत मी घुमी.
चुलतीच्या तोंडी खुळी.
जेटीवर मासळीच्या लिलावात
कानांवर हात ठेवून उभी राहिले, तेव्हा
जाळी विणणारी गोदाक्का म्हणाली,
"वारं लागलंय पोरीला."

चौतिसाव्या वर्षी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर लिहून दिलं: स्वमग्न.
गुहागर येईपर्यंत एसटीत मी तो शब्द चघळला.
स्वतःत कुठे बुडाले होते मी?
मी तर बर्फाच्या कारखान्याच्या घरघरीत,
फेरीबोटीच्या साखळीच्या कड्यांत, एकशे बारा,
कुणी न विचारलेल्या भरतीच्या वेळांत.

मामेभाऊ विश्राम. त्यालाही असाच कागद.
ओहोटीला खाडीच्या चिखलाकडे बोट करून म्हणाला,
"ती बघ. मासा असून बाहेर बसते.
पाणी चढलं की कांदळाच्या मुळांवर.
आपण निवट्या."

मी हसले नाही. मला वेळ लागतो.
रात्री भाकरी मोडताना हसले.

परवा भाचीच्या लग्नात त्याचा मेसेज:
"मांडवामागे, जनरेटरपासून लांब, एक मुलगा.
निवटी असेल?"
मी लिहिलं: विचारू नकोस.
खुर्ची घे. जरा अंतरावर बस.