बारा थाऊ

दारूखान्याच्या गल्लीत, माझ्या लेथसमोर,
बेजनशेठनी गोणपाटातून सोडवली
जुन्या विलायती टू-सीटरची मागची धुरा.
मधोमध फुगलेली,
अजगरानं हंडा गिळावा तशी.
"मिस्त्री कुठंय?"
बाप गेल्यापासून मीच.
"दात गेलेत, दीकरी. लंडनचा भाव ऐकून
माझे पण हलायला लागले."

इम्तियाजनं भंगारातून शोधून आणला
एका सरकारी अँबेसिडरचा डिफरन्शियल,
ज्यानं जन्मभर कुठल्याशा उपसचिवाला
घरून कचेरीत नेलं आणि परत आणलं.
गोत एकच दोघींचं.
ही शर्यतीला गेली, ती फायलींमागे.
तोंडवळा जुळला,
कंबर दीड सूत जास्त निघाली.

म्हणजे घर कोरावं लागणार.

कोरण्याआधी डायल लावला, धुरा हळूहळू फिरवली.
काटा चालला, थांबला, पुन्हा चालला.
"शेठ, ही सरळ नाहीच.
डाव्या अंगाला बारा थाऊ बाक आहे.
जुना."

बेजनशेठ स्टुलावर बसले.
इम्तियाजनं आणलेला चहा निवत गेला.

"केम्प्स कॉर्नरचा पूल तेव्हा नवा होता.
वळणावर कठड्याचा दगड.
मी एकोणीसचा.
पप्पांना सांगितलं, पंक्चर झालं."

मग विचारलं, "आणि हे त्या घड्याळात दिसतं?"

बाकाच्या पाठीवर गॅसची निळी जीभ लावली,
लोखंड लाल होऊ दिलं चवलीएवढं,
मग ओलं फडकं.
चर्र.
आखडलं की ओढून घेतं स्वतःला.
पुन्हा डायल. सात. पुन्हा आग. चार.
शेठ प्रत्येक आकडा पुटपुटत होते,
आजाऱ्याचा ताप मोजावा तसे.

"सगळा काढणार?"
"ठेवला तर नवे दात खाईल."
"थोडा? चालेल इतकाच?"

मी बापाची वही उघडली, उगाच.
त्यात असलं काही नसतं.
"दोन," मी म्हटलं. "दोन चालतात."

रविवारी ते गाडी घेऊन आले, टोप उघडा.
गल्लीच्या तोंडाशी वळताना
बाहेरचं चाक पुढे धावलं,
आतलं थांबून राहिलं त्याच्यासाठी,
आणि आवाज आला नाही.

बिलात लिहिलं:
घर कोरणे. बेअरिंग दोन. तेल.
बाक काढणे, दहा थाऊ.
उरलेल्या दोनाचे पैसे लावले नाहीत.