दर पक्का

एगर गावातलं माझं दुकान सहा हात लांब.
दोन खिडक्या. त्यातली एक भाड्यानं दिलीय,
तिथं निळ्या चेहऱ्याचं यंत्र उभं असतं,
रात्रंदिवस जागं,
कुणाचंही कार्ड गिळायला तयार.
दुसऱ्या खिडकीत मी, इल्दिको,
प्रवाशांच्या बॅगांच्या बिघडलेल्या चेन बसवत.

चेन बिघडते ती हावेपायी.
माणूस कोंबत जातो, गुडघा टेकवून ओढतो,
आणि मधलाच एक दात निसटतो.
यंत्राची हाव मात्र उलटी, ते दुसऱ्याकडून कोंबवून घेतं.
पहिल्याच पडद्यावर विचारतं, दोन लाख फोरिंट?
दोन दिवसांच्या मुक्कामाला दोन लाख!
एवढ्यात आमची गल्ली महिनाभर जेवेल.
'दुसरी रक्कम' खाली कोपऱ्यात,
मुंगीएवढ्या अक्षरांत.

मग आवाज मऊ होतो.
"तुमच्या देशाच्या पैशांत हिशेब करून देऊ?
दर पक्का. काळजी नको."

काळजी नको म्हणणाऱ्याला
माझी आई उंबऱ्याबाहेरच उभं करायची.
मी नाही केलं.
त्या वर्षी बँकेतला पोरगा असाच मऊ बोलला होता,
आणि आम्ही फ्रँकमध्ये कर्ज काढलं,
मी आणि ओदोननं,
स्वित्झर्लंडचा एक डोंगरही न पाहता.
व्याज कमी, हप्ता हलका, सही इथं.
मग फ्रँक चढला.
आम्ही तिथंच होतो, तोच पगार, तीच भाकरी,
आणि दोन खोल्या आमच्या हातून
दूरच्या एका आकड्यानं काढून घेतल्या.
ओदोन त्यानंतर दर सकाळी दर बघायचा,
ताप बघावा तसा.
शेवटपर्यंत.

म्हणून काल वाल्पाराइसोची ती पोरगी,
मारित्सा, बॅग माझ्याकडे टाकून
यंत्रासमोर उभी राहिली
तेव्हा मी सुई तशीच खोचून बाहेर गेले.
"'नाही' दाब," म्हटलं.
"नाही म्हटलं तर पैसेच नाही दिले तर?"
सगळ्यांना हेच वाटतं.
माझ्याही वेळी हेच वाटलं होतं.

तिनं 'नाही' दाबलं.
यंत्रानं लाल अक्षरांत परत विचारलं,
नक्की? पक्का दर नाकारताय?
एवढ्या अजीजीनं तर मला कुणी लग्नाचंही विचारलं नव्हतं.
तिनं परत 'नाही' दाबलं.
क्षणभर शांत.
मग आत कुठेतरी घरघर झाली
आणि नोटा आल्या, निमूट, बाकीच्यांसारख्याच.
तिनं त्या दोनदा मोजल्या
आणि हसली ती नोटांकडे नव्हे, बोटाकडे बघून.

"पुढच्या वेळी चर्चमागच्या बँकेत जा," मी म्हटलं,
"त्या यंत्रामागे माणसं आहेत, दुपारची सुट्टीही आहे.
आणि थोडं थोडं नको, एकदाच काढ,
प्रत्येक वेळी हात लावायचं वेगळं घेतात."
चेनचे पैसे तिनं रोख दिले.
मी सुट्टे परत केले, एकही नाणं न ठेवता.

आता खरं सांगते.
खिडकीचं भाडं ठरलंय ते 'हो'वर.
लोक जितक्यांदा 'हो' म्हणतील
तितकं माझ्या खात्यात टपकतं,
आणि मी रोज आपल्याच ताटातला घास
रस्त्यावरच्या परक्यांना उचलून देते.
मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला,
कागद चाळत म्हणाला, बाई,
इथं लोक फार 'नाही' म्हणतात. का बरं?
मी म्हटलं, इथल्या गरम झऱ्यांचं पाणी असेल.
त्यानं ते लिहूनही घेतलं.

कदाचित काढून नेतील यंत्र.
नेऊ देत.
फक्त थंडीत मला आठवण येईल.
त्याची पाठ माझ्या बाजूला आहे,
कोमट,
आणि संध्याकाळी शेवटची चेन ओढून झाली
की मी तिला पाठ टेकून बसते,
न विचारता,
त्याला काहीच न देता.