विषय क्रमांक तीन

अकराची सभा पावणेबाराला सुरू झाली,
जिन्याखाली, मीटरच्या खोलीसमोर.
खुर्च्या मंडपवाल्याच्या, एकीचा पाय आखूड.
इतिवृत्त मी लिहीत होते.
एक, टाकीची गळती. दोन, थकबाकी.
तीन : सहाव्या रस्त्यावरून मिनीबस.
डेपोला कळवायचं होतं, हरकत आहे की नाही.

शिलोत्री म्हणाले, रस्ता आमचा आहे.
मागून कुणी विचारलं, आमचा म्हणजे कुणाचा,
तर म्हणाले, आमचा म्हणजे आपला,
आणि चष्मा पुसत बसले.
लालवानींना धास्ती हॉर्नची.
गोडांब्यांना सोनमोहराच्या फांद्यांची;
त्याच फांद्या छाटायला त्यांचे चार अर्ज
माझ्याच फायलीत आहेत,
गाडीवर फुलं पडतात म्हणून.
पोरं क्रिकेट कुठे खेळणार, असंही कुणी म्हणालं.
पोरं वर होती, आपापल्या फोनमध्ये, दारं लावून.

अलमेलू मामी तिसऱ्या मजल्यावरून
दर वळणावर टेकत खाली आल्या.
म्हणाल्या, तीन ठिकाणं उरलीत माझी :
बँक, डोळ्यांचा दवाखाना, शनिवारी देऊळ.
जवळचं भाडं रिक्षावाला घेत नाही.
बस आली तर मी बसेन. एवढंच.
शिलोत्री म्हणाले, अहो मामी, आम्ही सोडू की गाडीने.
मामींनी विचारलं, मंगळवारी?
मंगळवारी त्यांना जमणार नव्हतं.

हे कुणी सभेत काढलं नाही, पण
गेल्या बुधवारी एक रिकामी बस येऊन गेली, चाचणीला.
आमच्या कोपऱ्यावर कर्णिकांची फियाट,
थोरले गेल्यापासून कव्हर घालून उभी.
ड्रायव्हरने हात बाहेर काढून आरसा मिटला,
खाली उतरला, भिंत बघितली, फियाट बघितली,
परत चढला, आणि चार बोटांच्या फटीतून
ते लाल धूड अलगद काढून नेलं.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, तळमजल्याला.
तव्यावरची पोळी करपेपर्यंत श्वास धरून होते,
बस निघावी म्हणून की अडकावी म्हणून,
ते अजून मला नीट सांगता येत नाही.
माझं अंथरूण त्याच भिंतीच्या अलीकडे आहे.

चर्चा रंगात आली तेव्हा
इंदुबाई बादली घेऊन जिन्याकडे निघाली.
मधे सगळ्या खुर्च्या.
जरा सरका, ती म्हणाली.
जरा सरका.
गोडांब्यांनी गुडघे आखडले, लालवानींनी फाइल पोटाशी धरली,
शिलोत्री बोलता बोलता उठले आणि बोलतच बसले.
वाट झाली. ती गेली. वाट मिटली.
वाशी नाक्याहून शेअर रिक्षाने येते ती हमरस्त्यापर्यंत,
तिथून सतरा मिनिटं पायी.
हे मला माहीत आहे कारण
उशिराची मिनिटं मी मोजत असते.
ती सभासद नाही. तिचं बोलणं इतिवृत्तात येत नाही.

हात वर झाले.
बाजूने आठ, विरोधात अकरा.
तटस्थ एक; नाव लिहायची पद्धत नाही.
मामींचा हात सगळ्यांत आधी वर गेला
आणि मोजून झाल्यावरही तसाच राहिला,
कुणीतरी तो हलकेच खाली घेतला.

रात्री पक्कं लिहायला बसले :
‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.
हरकतीचे पत्र पाठवण्याचे बहुमताने ठरले.
अध्यक्षांचे आभार मानून चहापानानंतर सभा संपली.’
चहा इंदुबाईने केला होता.

सकाळी ती नऊला यायची, सव्वानऊला आली.
उशीर का झाला, मी विचारलं.
सवयीने.