हरकत क्रमांक दोनशे सतरा

मी अनुरेखक.
म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेल्या रेघा
हात न हलवता काढणारा माणूस.
एकतीस वर्षं नगररचनेच्या खोलीत,
डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला चहाचा डाग.

रहिवास पिवळा. वाणिज्य निळं. नदीही निळीच,
फक्त एका छटेनं फिकट.
एकोणीसच्या पुरात तोही फरक राहिला नाही,
पंचगंगा दुकानांच्या शटरात शिरली
आणि मला वाटलं,
आपला ब्रश कुठं तरी ओघळला.

नव्या आराखड्यात आमच्या चौकावर
आरक्षण क्रमांक एक्केचाळीस :
बहुमजली वाहनतळ, तळमजल्यावर गाळे.
हरकतींना तीस दिवस.
सराफांनी मागितलं वाढीव चटईक्षेत्र,
तालमीनं रस्तारुंदीतनं आखाड्याची दीड फूट माती सोडवून मागितली,
बाकीच्या साठसत्तर हरकती एकाच वकिलाच्या,
फक्त नावं बदललेली,
एकीत तर तेही राहून गेलेलं.

दोनशे सतरावा मलाप्पा घुगरे.
कागद नाही, वकील नाही,
हातात रिकामी चरवी. ती ठेवायची कुठं हे न कळून
शेवटपर्यंत तशीच धरलेली.

"सायेब, नकाशात आमचा कट्टा कुठं हाय?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी सूचीकडं.
सूचीत विहीर होती, देऊळ, दर्गा,
विजेचा खांब, पुतळा,
जुनं असेल तर झाड.
म्हैस नव्हती.
सांजच्याला भरणारी
आणि रात्री शेण धुतलं की नाहीशी होणारी जागा
कुठल्या रंगानं भरायची
हे एकाही नियमावलीत नाही.

"मालकी?"
"न्हाई."
"परवाना?"
"आज्याच्या येळंपास्नं हुबं ऱ्हातोय.
म्हशीला इचारा की. ती आपसूक वळती."

सगळे हसले. मीही.
इतिवृत्तात लिहिलं गेलं : हरकतदारास ऐकले.
खालच्या ओळीत : फेटाळणेत यावी.

त्याच कट्ट्यावर मी पंधराव्या वर्षापासून
धारोष्ण पेला उभ्यानं प्यायलोय,
जोर मारून आल्यावर, मग लग्न झाल्यावर,
मग साखर निघाल्यावर डॉक्टरांना चोरून.
फेस ओठावर वाळायच्या आत घर यायचं.
हे हरकतीत कुठं लिहितात?

त्या रात्री मूळ प्रतीवर,
चौकाच्या वायव्येला,
शून्य पूर्णांक एकच्या पेनानं मी एक टिंब ठेवलं.
नोकरीतलं माझं पहिलं स्वतःचं.

सोमवारी नकाशा स्कॅनिंगला गेला.
सायमा बागवाननं पडद्यावर मोठा करून पाहिला.
"काका, माशी बसलीती वाटतं,"
म्हणाली, आणि पुसून टाकलं.
तिचं काही चुकलं नाही.
स्वच्छ काम करायला तिला मीच शिकवलं होतं.

आता पाच मजले उभे आहेत.
गाड्या खरंच लागतात, हे सांगायला हवं.
बाजारात आता चालता येतं,
माझी बायको मनापासून खूश आहे.
घुगऱ्यानं जनावरं विकली, असं ऐकलं. एक ठेवली.

तीच साडेसहाला
रॅम्पच्या तोंडाशी येऊन उभी राहते.
यंत्र तिला तिकीट देत नाही, दांडा उठत नाही,
मागं हॉर्न, आणि ती रवंथ करत,
जणू साहेब जेवायला गेलेत
आणि येतीलच एवढ्यात.

परवा मी स्कूटर काढायला गेलो तेव्हा
रखवालदार पोरगं दांडा हातानं उचलून धरत होतं.
त्याच्या वहीत मी डोकावलो.
वाहन प्रकार : इतर.
क्रमांक : काळी.
शुल्क : निरंक.
आत आल्याची वेळ होती. बाहेर पडल्याची जागा कोरी.

अक्षर बाकी सुरेख होतं पोराचं.
रेघ न सोडता.