सायकलीचे येगळे

देवबागहून होडीत सायकली आडव्या घातल्या
तेव्हा होडीवाला म्हणाला, "सायकलीचे येगळे."
बरं वाटलं. एकोणऐंशी दिवसांत
हा पहिला माणूस, ज्यानं विचारलं नाही, कशासाठी.

खारं पाणी उडू नये म्हणून
इनासनं मागचं चाक मांडीवर घेतलं होतं,
जत्रेत झोपी गेलेलं पोर घ्यावं तसं.
त्या चाकाला छत्तीस तारा.
एक बदलली सरचूला, रात्री, तोंडात बॅटरी धरून,
पान्हा कुठे संपतो आणि बोटं कुठे सुरू होतात
ते कळत नव्हतं.
चार बदलल्या बिकानेरच्या पुढे,
एकट्यानं,
कारण तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

वाळवंटात भांडायला जागा फार.
तो दोन किलोमीटर पुढे, मोहरीएवढा,
मी मागे, त्याच्या नावानं दात खात.
पाण्यावरून भांडलो असं सांगायला शोभलं असतं.
भांडलो लिंबाच्या लोणच्यावरून.
तिसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यावर आवाज आला:
पों. पों.
त्याच्या बापाच्या पावाच्या सायकलीचा रबरी भोंगा,
नव्या हँडलला सुतळीनं बांधून आणलेला.
आसपास माणूस नाही. एका उंटानं मान वळवली.
मी पोचलो तेव्हा रस्त्याकडेला
तो बरणी उघडून बसला होता.

कोर्जाईला उतरलो आणि चढ लागला.
"हा काय चढ!" म्हणालो
आणि निम्म्यात दोघेही खाली उतरून ढकलू लागलो.
पाच हजार मीटरवर न हरलेले पाय
चिऱ्याच्या या लाल घाटीत गळाले.
तिथे वर हवा विरळ होती,
इथे हवेत काय काय कोंबलेलं:
वाळत घातलेले बांगडे, नवा पेंढा,
कुणाच्या तरी न्हाणीखालचा ओला धूर.
श्वास घ्यावा तर आधी ओळख द्यावी लागते.

चिपीचा सडा. तीनचं ऊन.
काळा कातळ, त्यावर पिकून आडवं झालेलं गवत,
सावली म्हणाल तर आमच्या दोघांची.
इनास म्हणाला, "परत आलं बघ."
तिकडे पाणी दिसायचं आणि नसायचं.
इथे सड्याच्या टोकाला निळंशार होतं, खरं होतं,
आणि बाटलीत भरण्यासारखं नव्हतं.

मग उतार. उतारावर आम्ही ब्रेक दाबत होतो.
मी म्हणालो, पॅड झिजलेत, जपायला हवेत.
तो म्हणाला, हो, जपायला हवेत.
दोघांनाही माहीत होतं की पॅड जैसलमेरात नवे घातलेत.

केळूसच्या अलीकडे, माडांतल्या वळणावर
त्याचा अंगठा आपसूक भोंग्यावर गेला.
आठवीपासून बारावीपर्यंत रोज पहाटे
याच वळणावर जात असणार.
पों. पों.
एक बाई पायऱ्या उतरून आली,
हातात पिशवी, ओच्यात सुटे पैसे.
"चार पाव दी रे."
मग थांबली. आमच्या दाढ्या पाहिल्या, पिशव्या पाहिल्या,
भोंगा पाहिला.
"पास्कूचो झील मा रे तू?"

पास्कूबाबाची भट्टी दोन पावसाळे थंड आहे.
भट्टीचं गिऱ्हाईक ठरवूनच आम्ही निघालो होतो,
आल्यावर सही करायची होती.
हे मी इतका वेळ सांगितलं नाही,
त्यानंही एकोणऐंशी दिवसांत एकदाच काढलं,
बारालाचा ला चढताना,
जेव्हा बोलायला दम नव्हता.

इनासनं पिशवीच्या तळातून
कारगिलच्या जर्दाळूंची पुडी काढली,
तिच्या हातावर मोजून चार ठेवले.
तिनं एक चावून बघितला.
"आंबट आसा," म्हणाली. "पाव बरो हुतो."
आणि पैसे परत ओच्यात बांधले नाहीत,
तसेच पुढे धरून राहिली.

वेंगुर्ले ९, असं दगडावर होतं.
इनास खाली बसला, चेन बघू लागला.
चेनला काही झालं नव्हतं.
मीही बसलो.