नापास गुलाब

भाऊंनी बत्तीस वर्षं नोटा तपासल्या
जेलरोडला, प्रेसच्या उंच भिंतीआड.
शाई पसरली, रेघ सरकली, आकडा हलला
की कागद नापास.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
पण डाव्या भुवईचं काम
अजून सुटलेलं नाही.

ओट्यावर फिरतं टेबल.
वर तीन थरांचा केक, क्रीमने गुळगुळीत,
फक्त खालच्या थराला पट्टीची एक रेघ राहिलेली.
मे महिना. रात्रीचे अकरा, तरी ओटा कोमट.
मुठीत कोन, कोनात क्रीम,
आणि मूठ तापली की गुलाब रडतो.

स्पर्धेचा विषय : आपलं नाशिक.
चौघी तरी द्राक्षं करणार, हे मला माहीत होतं.
दोघी रामकुंड, निळ्या जेलीचं पाणी घालून.
मी म्हटलं, या गावाचं एक नाव गुलशनाबाद होतं ना,
मग आपण गुलाबच करू. एकशे एक.
भाऊ म्हणाले, "मोजणार कोण?"
आणि चष्मा पुसायला घेतला.

खिळ्यावर कागदाचा चौकोन, चौकोनावर कळी,
कळीभोवती तीन पाकळ्या, मग पाच, मग सात.
समोर भाऊ, भिंग घेऊन.
"ही पाकळी फाटली." नापास.
"ही शेजारणीवर चढली." नापास.
"रंग फिका, मागच्याशी जुळत नाही."
बीटाचा रंग आहे भाऊ, थोडं इकडंतिकडं होणारच.
"सरकार असं म्हणत नाही."

नापास गुलाब स्टीलच्या ताटलीत.
ताटली भाऊंच्या डाव्या हाताशी.
रात्री दीडला हिशेब लागेना :
केले एकशे चौदा,
केकवर एकशे एक,
आणि ताटली इतकी लख्ख
की घासायलाच नको.

भाऊंच्या मिशीला गुलाबी.
परवाच शुगर दोनशे ऐंशी आलेला माणूस
छताकडे बघत म्हणाला,
"तिथं नापास माल नष्ट करायचो.
कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये.
नियम असतो."

मी हसले नाही.
हसले असते तर कोन दाबला गेला असता.

सकाळी रिक्षा, केक मांडीवर.
गतिरोधक दिसला की मी श्वास धरायची
आणि रिक्षावाला वाल्मीक, आरशात बघून, वेग.
उपनगर गेलं. बोधलेनगर गेलं.
द्वारकेला एका टेम्पोने कट मारला
आणि अकरा गुलाब
एका कुशीवर झोपले.

हॉलमध्ये एसी म्हणजे एक मोठा पंखा.
उरलेल्या हिरव्या क्रीमची मी पानं केली,
पडलेल्यांच्या डोक्याखाली एकेक सरकवलं.
परीक्षक बाई वाकल्या. "मुद्दाम ना हे?
झाडाखालचा सडा. छानच."
मी हो म्हटलं,
आणि माझीच डावी भुवई
जरा वर गेली.

उत्तेजनार्थ.
सिलिकॉनचा एक साचा आणि प्रमाणपत्र,
सौ. हर्षली खैरनार यांना.
भाऊंनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं.
"नापास," म्हणाले,
आणि सवयीने इकडंतिकडं ताटली शोधली.
मग शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढलं.
छापील कागदाला शाई लावायची नाही,
हे ज्याच्या बोटांत मुरलेलं,
त्याने माझ्या 'ष'ला
एक काना दिला.
सरळ. बाकीच्यांच्याच उंचीचा.

बुधवारी ऑर्डर आहे,
चौथ्या मजल्यावरच्या शर्विलचा वाढदिवस, जेसीबीचा केक.
पिवळा रंग. पाकळ्या नाहीत.
भाऊ सकाळपासून जरा अस्वस्थ आहेत.
शेवटी विचारलंच,
"जेसीबीत नापास काय होऊ शकतं गं?"

चाकं, मी म्हटलं.
पण तुम्हाला दोनच.